नागपूरहून थेट विमान मागायला गेलो होतो, त्याचा हा हिशेब

आधीच सांगून टाकतो, विमान सुरू झालेलं नाही. "अखेर प्रयत्नांना यश" टाइप काही वाचायला आला असाल तर इथूनच परत फिरा, राग नाही. पण गेलं सव्वा वर्ष मी आणि बर्डी-धरमपेठेतले काही ट्रॅव्हल एजंट मिळून नागपूर-बँकॉक थेट विमान मिळावं म्हणून जे करत होतो, त्यातले पहिले सहा महिने आम्ही सरळ चुकीच्या दारात उभे होतो आणि हे दार चुकीचं आहे असं सांगायलाही कोणी नव्हतं. उद्या नाशिक, कोल्हापूर, नांदेड कुठूनही कोणी हेच करायला निघालं तर त्याचे तेवढे सहा महिने वाचावे म्हणून लिहून ठेवतो.

माझं धरमपेठेत ट्रॅव्हल्सचं छोटं दुकान आहे. दोन टेबलं, एक प्रिंटर, एक पोरगा. वर्षातून चार-पाच ग्रुप थायलंडला जातात, त्यात फिरायला जाणारे असतात तसे बुद्धविहारं बघायला जाणारेही असतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये ३४ जणांचा ग्रुप घेऊन निघालो, नेहमीसारखं व्हाया मुंबई. संध्याकाळी नागपूरहून मुंबई, मग रात्री उशिरा बँकॉकचं विमान, मध्ये सहा तास. त्यात ते विमान अडीच तास लेट झालं. ग्रुपमध्ये ७१ वर्षांच्या एक काकू होत्या, आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेल्या. खुर्च्यांच्या मधल्या लोखंडी हातांमुळे आडवं होता येईना म्हणून त्या खाली फरशीवर शाल अंथरून झोपल्या होत्या, चपला उशाशी, पाय सुजून पोळीसारखे झालेले. दोन वाजता उठल्या आणि मला म्हणाल्या, "काय रे भाऊ, बँकॉक पूर्वेले आहे न? मग आम्हाले आधी पश्चिमेले कायले आणलं?"

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे एजंटवालं उत्तर होतं, थेट फ्लाइट नाही म्हणून. पण का नाही, हे पंधरा वर्षं तिकिटं विकूनही मला माहीत नव्हतं.

आणि नागपूरकराला हे जरा जास्तच लागतं. उन्हाळ्यात गच्चीवर झोपणाऱ्या माणसाला माहीत आहे, रात्रभर डोक्यावरून दिवे जात असतात. झिरो माइलचा दगड आपल्याकडे. १९४९ मध्ये देशाची रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशी चारही बाजूंची विमानं मध्यरात्री सोनेगावलाच, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, एकत्र यायची, पोती आणि प्रवासी अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. माझे आजोबा सांगायचे की त्या काळी रात्री विमानतळावर चहा प्यायला जाणं ही हौस होती. असं गाव, आणि आता विमानतळाच्या नावात 'आंतरराष्ट्रीय' आहे पण परदेशी थेट जायचं म्हटलं तर आमच्या धंद्यात आम्ही वर्षानुवर्षं विकली ती नावं दोनच, शारजा आणि दोहा.

तर परत आल्यावर आम्ही तेच केलं जे सगळे करतात. निवेदन. डिसेंबरभर सह्या गोळा केल्या, अकराशेच्या वर झाल्या, दीक्षाभूमीला धम्मचक्र प्रवर्तन दिनाला बाहेरदेशातून लोक येतात, कामठीला ड्रॅगन पॅलेस बघायला येतात, मिहानमध्ये कंपन्या आहेत, संत्रा आहे, सगळं त्यात कोंबलं. झेरॉक्स, स्पीड पोस्ट, फाइल कव्हर धरून साडेतीन हजारांच्या आसपास गेले. लोकप्रतिनिधी, विमानतळवाले, दिल्लीतली दोन-तीन ऑफिसं, सगळीकडे पाठवलं. एक-दोन ठिकाणी हातात द्यायलाही गेलो, फोटो काढले. उत्तरं आली ती अशी की आपले पत्र पुढील योग्य कार्यवाहीसाठी अमुक विभागाकडे पाठवले आहे. त्या अमुक विभागाने तमुककडे पाठवलं. विमानतळावरच्या एका साहेबांनी मात्र चहा पाजून प्रामाणिकपणे सांगितलं, आमच्याकडे धावपट्टी आहे, इमिग्रेशन आहे, कस्टम आहे, विमान पाठवणं आमच्या हातात नाही.

आमच्या शेजारी एक काका राहतात, एजी ऑफिसमधून, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापालांच्या ऑफिसातून, रिटायर झालेले. नागपुरात प्रत्येक गल्लीत एक असतातच. त्यांना मी ती उत्तरांची फाइल दाखवली. त्यांनी चष्मा वर करून एकेक कागद बघितला आणि म्हणाले, "निवेदन म्हणजे देवळात नारळ फोडणं आहे रे बाबा, प्रसाद खायचा आणि घरी यायचं. तू आधी हे तर शोध की फाइल कोणाची असते."

हा सल्ला लाखाचा निघाला. जानेवारी २०२५ पूर्ण मी दुकान बंद झाल्यावर रात्री संसदेतल्या प्रश्नांची उत्तरं वाचत बसायचो. ही पहिली टीप, फुकट आहे आणि कोणी वापरत नाही. लोकसभा-राज्यसभेत खासदारांनी विचारलेले अतारांकित प्रश्न आणि मंत्रालयाची लेखी उत्तरं संसदेच्या साइटवर पडलेली असतात, विमानसेवा असं शोधलं की ढीग निघतो. कोणाला कन्नूरहून पाहिजे, कोणाला विजयवाड्याहून पाहिजे, आणि उत्तर जवळजवळ तेच ते. चार-पाच वाचल्यावर मला डोक्यात चित्र बसायला लागलं, ते माझ्या भाषेत सांगतो.

दुसऱ्या देशात विमान नेणं म्हणजे पेट्रोल भरलं आणि निघालं असं नसतं. १९४४ च्या शिकागो करारापासून नियम हा आहे की प्रत्येक देशाचं आकाश त्याच्या मालकीचं, नियमित विमानसेवा चालवायची तर त्या देशाची परवानगी लागते. मग दोन-दोन देश आपसात करार करतात. भारताचे असे ११६ देशांशी करार आहेत. अनेक करारांत आठवड्याला किती सीट, किंवा किती फेऱ्या, हे ठरलेलं असतं, दोन्ही बाजूंना सारखं. शिवाय परदेशी कंपनी भारतात कोणकोणत्या गावी उतरू शकते त्याची यादी असते, त्याला पॉइंट ऑफ कॉल म्हणतात. आणि ह्या सीटा गावाच्या नसतात, देशाच्या असतात. हे वाक्य मी दोनदा वाचलं होतं तेव्हा. आम्ही अकराशे सह्या करून 'नागपूरच्या' सीटा मागत होतो, आणि नागपूरच्या म्हणून सीटा कुठे नव्हत्याच. राज्याला मिळालेल्या रेशनच्या साखरेतून आमच्या घरच्या डब्याची साखर वेगळी काढा म्हणण्यासारखं झालं.

परदेशी कंपन्यांसाठी सरकारचं म्हणणं असं की त्यांना आधीच आपल्याकडची भरपूर गावं दिलेली आहेत, आपल्या कंपन्यांना त्या बाजूला तेवढी मिळत नाहीत, म्हणून महानगरं सोडून नवं गाव आता देत नाही. कन्नूरवाले ह्याच दगडावर वर्षानुवर्षं डोकं आपटून राहिले. आसियान, म्हणजे थायलंड धरून आग्नेय आशियातल्या देशांसाठी एक वेगळी सूट आहे, १८ पर्यटनस्थळांच्या गावी तिथल्या कंपन्या कितीही विमानं आणू शकतात. ती यादी उघडली तेव्हा मी बायकोला हाक मारून दाखवली. गया आहे. वाराणसी आहे. खजुराहो आहे. महाराष्ट्रातून औरंगाबाद आहे, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर. नागपूर नाही. बँकॉकहून गयेला थेट विमानं येतात ती काय उगाच नाही. ज्या गावात बाबासाहेबांनी १९५६ ला लाखो लोकांना दीक्षा दिली ते गाव बौद्ध देशांसाठी खुल्या यादीत नाही, पण ई-व्हिसावर जिथे उतरता येतं त्या विमानतळांच्या यादीत आहे. म्हणजे या, पण फिरून या. बायको म्हणाली, "झोपा आता, यादी उद्याही तीच राहील."

भारतीय कंपन्यांना मात्र मोकळीक आहे, त्या देशाच्या वाट्याच्या सीटांमधून भारतातल्या कुठल्याही गावाहून जाऊ शकतात. सरकार त्यांना नागपूरहून जा म्हणत नाही, जाऊ नका असंही म्हणत नाही. विमान वाहतूक मंत्रालयाकडे अर्ज करते ती कंपनी, सीटा मिळतात कंपनीला, आणि एकाच सीटांवर तीन कंपन्या टपलेल्या असल्या की भांडण त्यांच्यात. ह्या फाइलीत नागपूरकर कुठेच बसत नाही.

इथे माझ्या भाचीने डोक्यात भुंगा सोडला. ती अटलांटाला असते. तिने सांगितलं की मामा, इकडे असं भांडण उघड्यावर होतं. २०१६ ला अमेरिकेहून हवानाला रोजच्या २० फेऱ्याच होत्या आणि कंपन्यांनी मिळून जवळपास ६० मागितल्या होत्या, त्यांच्या वाहतूक खात्याने सगळ्यांचे अर्ज ऑनलाइन ठेवले, एका कंपनीने दुसरीच्या अर्जातल्या चुका काढल्या त्याही ठेवल्या, गावोगावच्या लोकांनी आमच्याच गावाहून द्या म्हणून लिहिलेली पत्रं ठेवली, आणि शेवटी आठ कंपन्यांना, दहा शहरांतून वाटल्या. मी ती पत्रं वाचत बसलो. आमच्या निवेदनासारखीच होती हो, फक्त त्यांना फाइलीत जागा होती.

मग ठरवलं की आपल्याकडच्या फाइलीत निदान डोकावून बघू. ३ फेब्रुवारी २०२५ ला माहितीच्या अधिकारात (आरटीआय) अर्ज केला. केंद्र सरकारचं ऑफिस असल्यामुळे ऑनलाइन, फी १० रुपये. ऑफिसचं नाव लिहीत नाही, गरज नाही. काकांनी मसुदा तपासून दिला आणि माझे पहिले चार प्रश्न फाडून टाकले, कारण ते सगळे "का" ने सुरू होत होते. का दिलं नाही, का विचार झाला नाही. काका म्हणाले, का विचारायचं नसतं, कागद मागायचा असतो. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अमुक विषयाच्या अर्जांची यादी द्या, वाटप केल्याच्या पत्राची प्रत द्या, सीझनप्रमाणे किती सीट वापरल्या त्याचा तक्ता द्या. जो कागद तिथे असेल तोच मिळतो, नवं उत्तर लिहून द्यायला ते बांधील नसतात. पोर्टलवर ३००० अक्षरांची मर्यादा आहे आणि ठरावीक चिन्हंच चालतात, मी रुपयाचं चिन्ह टाकलं होतं तर अर्धा तास नुसता एरर येत होता, शेवटी पोराने शोधलं. मोठं असेल तर पीडीएफ जोडा. नोंदणी क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा, ईमेलच्या भरवशावर राहू नका.

अर्ज आधी कलम ६(३) खाली दुसऱ्या ऑफिसात गेला, त्यांनी अर्धा परत पाठवला. ६ मार्चला उत्तर आलं. दोन पानं, सार एवढंच की विमान कंपन्यांचे अर्ज ही व्यापारी गुपितं आहेत, कलम ८(१)(ड). आणि इतर देशांशी संबंधांचा प्रश्न आहे, कलम ८(१)(अ). म्हणजे काही मिळणार नाही. मी इतका पडलो की दोन दिवस तो ईमेल उघडलाच नाही. काकांना दाखवला तर ते खूश. "नाही म्हणाले न? मग आता खरं सुरू झालं."

पहिलं अपील, १७ मार्च. ह्याला फी नाही, उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत करायचं, त्याच ऑफिसातला वरचा अधिकारी ऐकतो. काकांनी तीनच मुद्दे लिहायला लावले. एक, कंपनीने दराचं काय गणित मांडलं ते गुपित असेल पण कोणत्या देशासाठी किती सीट वाटल्या हे गुपित कसं, संसदेत असे आकडे देतातच, त्या उत्तराची प्रत सोबत जोडली. दोन, कलम १०, जेवढं झाकायचं तेवढं झाका आणि बाकीचं द्या. तीन, अमेरिकेतली पद्धत. हा तिसरा मुद्दा माझ्या हौसेचा होता, काका म्हणाले ह्याचा काही उपयोग नाही पण लिही, मन हलकं होईल. २९ एप्रिलला आदेश आला, ४३ व्या दिवशी. ३० दिवसांत द्यायचा असतो, कारण नोंदवून ४५ पर्यंत चालतो, त्यामुळे ३१ व्या दिवशी बोंबलू नका. अर्ज मिळाले नाहीत. पण देशनिहाय तक्ता मिळाला, आठवड्याचा वाटा किती आणि भारतीय कंपन्या त्यातला किती वापरतात. त्यातले आकडे इथे टाकत नाही, सीझन बदलला की बदलतात आणि लोक जुनेच फिरवत बसतात. तुम्हाला पाहिजे असेल तर १० रुपये भरा.

तक्ता हातात आल्यावर काय करायचं हाच प्रश्न होता. माझ्या एका जुन्या ग्राहकाचा जावई एका विमान कंपनीत नेटवर्क प्लॅनिंगमध्ये, म्हणजे कुठून कुठे विमान लावायचं ते ठरवणाऱ्या खात्यात आहे, ग्राहकाच्या ओळखीने त्या जावयाची भेट मागितली. ९ मे ठरली होती. पण २४ एप्रिलपासून पाकिस्तानने आपल्या विमानांना आकाश बंद केलं होतं आणि मे मध्ये तर उत्तरेकडचे विमानतळच बंद, त्या लोकांना श्वास घ्यायला वेळ नव्हता. २७ मे मिळाली. तेलंगणा एक्स्प्रेसने गेलो, सोबत संत्रा बर्फीचे दोन डबे, गुरुग्रामला काचेच्या बिल्डिंगमध्ये एसी इतका की नागपूरचं ४५ अंशातलं अंग कुडकुडायला लागलं.

हा मुलगा मूळचा सांगलीचा निघाला, वय असेल तिशीचं. त्याने निवेदन बाजूला ठेवलं, तक्ता बघितला, आणि म्हणाला, "काका, तुम्ही पहिलेच आहात जे हे घेऊन आलात. पण उशीर केलात." हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी लागतं, उन्हाळी मार्चच्या शेवटच्या रविवारी. पण स्लॉट, म्हणजे विमानतळावर उतरायच्या-उडायच्या वेळा, वाटायची जागतिक बैठक हिवाळ्यासाठी जूनमध्ये होते आणि उन्हाळ्यासाठी नोव्हेंबरमध्ये, आणि कंपन्यांचे अर्ज त्याच्याही महिनाभर आधी जातात. म्हणजे मे संपताना हिवाळ्याचं विचारायला येणं म्हणजे लग्नाच्या पंगती उठल्यावर आहेर घेऊन येणं. ही दुसरी टीप, सीझनच्या आठ-दहा महिने आधी जा.

मग त्याने जवळजवळ तासभर समजावलं आणि खरं सांगतो, पंधरा वर्षांत मला ह्या धंद्याबद्दल जे कळलं नव्हतं ते त्या तासात कळलं. दुबईचं उदाहरण दिलं. दोन्ही बाजूंना आठवड्याला साधारण ६५-६६ हजार सीट, कधीच्या भरलेल्या. दुबईवाले वाढवा म्हणतात, आपलं सरकार हात आखडून, कारण तिकडे उतरणारा आपला माणूस दुबईत थांबत नाही, तिथून त्यांच्याच विमानाने युरोप-अमेरिकेला जातो. त्यामुळे अशा देशाच्या सीटा कोणाकडून सुटल्या की बाकीच्यांची झुंबड. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेज बंद पडली तेव्हा तिचे परदेशी हक्क सरकारने बाकी कंपन्यांना तात्पुरते वाटले, ते मिळवायला केवढी पळापळ झाली असेल ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. नव्या कंपनीला तर आधी रांगेतच उभं राहावं लागतं. पूर्वी पाच वर्षं आणि २० विमानं असा नियम होता, २०१६ ला पाच वर्षांची अट गेली पण २० विमानं देशात लावायची अट राहिली. अकासा ह्या नव्या कंपनीने ऑगस्ट २०२२ ला उडायला सुरुवात केली, पहिलं परदेशी विमान मार्च २०२४ ला, आणि ते कुठून? मुंबईहून दोहा. "एवढ्या मुश्किलीने मिळालेल्या सीटा कोणी नागपूरवर लावून बघायच्या म्हणजे साहेबांना दाखवायला कागद पाहिजे," तो म्हणाला.

मी म्हटलं, कागद म्हणजे काय, अकराशे सह्या आहेत.

तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. त्याने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. त्यांच्याकडे तिकिटांचा डेटा असतो, कोणत्या गावाहून कोणत्या गावाला किती लोकांनी तिकीट काढलं. नागपूर-बँकॉकची ओळ होती. इतका लहान आकडा की मला वाटलं एका महिन्याचा असेल. वर्षाचा होता. मी म्हटलं हे शक्यच नाही, एवढे तर आम्ही चार एजंट मिळून नेतो. त्याने विचारलं, तिकीट कसं काढता? एका पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर, की दोन?

दोन. अर्थात दोन. नागपूर-मुंबई एक, मुंबई-बँकॉक दुसरं, कारण तसं स्वस्त पडतं, माणशी हजार-बाराशे वाचतात, ग्राहक खूश. सगळे एजंट तसंच करतात. आणि तसं केलं की त्यांच्या डेटात आमचा माणूस नागपूरहून मुंबईला कामाला गेलेला दिसतो आणि मुंबईचा कोणीतरी बँकॉकला गेलेला दिसतो. डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीचं सरकारी महासंचालनालय, दर तिमाहीला आंतरराष्ट्रीय प्रवाशांचे शहरांच्या जोडीप्रमाणे आकडे टाकतं, त्यातही मोजणी विमानाप्रमाणेच, आमचा माणूस तिथेही मुंबईकर. पंधरा वर्षं मी बसून एकेक नागपूरकर पुसत आलो होतो आणि वर निवेदन लिहीत होतो की आमच्याकडे प्रवासी भरपूर आहेत. परतीच्या गाडीत मला झोप लागली नाही, आणि ह्यावेळी कारण खुर्ची नव्हतं.

परत आल्यावर जून ते सप्टेंबर एकच काम. नऊ एजंटांना एकत्र बसवलं, सदरला एकाच्या दुकानात, तर्री पोहे माझ्याकडून. एकमेकांचे ग्राहक एकमेकांना दाखवायचे म्हणजे वाघाला शेळीचा पत्ता देणं, त्यामुळे पहिल्या दोन मीटिंगा नुसत्या संशयात गेल्या. शेवटी तोडगा असा काढला की नाव-फोन कोणी द्यायचा नाही, फक्त महिना, माणसं, कुठून फिरून गेले आणि दोन्ही तिकिटं मिळून किती पडले. काकांनी सगळ्यांच्या वह्या आपल्या घरी बसून एकत्र केल्या, एजी ऑफिसच्या माणसाला ह्याहून मोठं सुख नाही, लाल पेनने टिक करत दोन महिने मजेत होते. तो मुलगा म्हणाला होता की १८६ सीटांचं विमान आठवड्याला तीनदा म्हणजे ५५८ सीट, बारा महिने, आणि तितकेच तिकडून इकडे येणारे, तेवढं दाखवा. आम्ही जाणारे बऱ्यापैकी दाखवू शकलो, पावसाळ्याचे महिने सोडून. येणारे नाही.

मध्येच जुलैमध्ये बातमी आली, कुवेतचा वाटा आठवड्याला १२ हजार सीटांवरून १८ हजार झाला. ग्रुपवर सगळे नाचायला लागले. मी आता हुशार झालो होतो, कॅल्क्युलेटर काढला. ६००० भागिले १८६, म्हणजे आठवड्याला ३२ फेऱ्या, दिवसाला साडेचार, सगळ्या देशाला मिळून. त्यात केरळ आहे, हैदराबाद आहे, मुंबई-दिल्ली आहे. नाच थांबला.

२२ सप्टेंबरला सात पानांचा तक्ता आणि एक पानाचं पत्र पाठवलं, उन्हाळी अर्जांच्या आधी पोचावं म्हणून. दोन कंपन्यांना पाठवलं. सह्या जोडल्या नाहीत. एकीकडून काहीच आलं नाही. दुसरीकडून १४ नोव्हेंबरला ईमेल आला, चार ओळी, की मार्च २०२६ च्या वेळापत्रकात जागा नाही, पुढच्या हिवाळ्यासाठी बघताना हे लक्षात घेऊ, आणि थायलंडहून नागपूरला येणाऱ्यांचा काही अंदाज असेल तर पाठवा. काकांनी त्या ईमेलची प्रिंट काढून फाइलला लावली, पान क्रमांक २१४. आता विहारांच्या धर्मशाळांकडे आणि दोन-तीन हॉटेलांकडे परदेशी पाहुण्यांच्या महिनावार संख्येसाठी फिरणं चालू आहे, एकाने दिली, बाकीचे साहेबांना विचारून सांगतो म्हणाले.

एकूण खर्च विचाराल तर निवेदनाचे साडेतीन हजार, जे पाण्यात गेले, आरटीआयचे १०, गुरुग्रामची वारी बर्फी धरून सहा हजार, आणि पोह्यांचा हिशेब ठेवला नाही.

काल फेब्रुवारीच्या ग्रुपची तिकिटं काढली. व्हाया मुंबईच, पण ह्यावेळी एकाच पीएनआरवर, नागपूर ते बँकॉक. सामान थेट तिकडे मिळतं आणि पहिलं विमान लेट झालं तर पुढचं कंपनीच्या गळ्यात, हे फायदे आहेतच, पण माणशी अकराशे जास्त पडले. त्या भूगोलवाल्या काकू पुन्हा येणार आहेत, पैसे द्यायला दुकानात आल्या होत्या, त्यांनी पावती बघून विचारलं की हे अकराशे कशाचे. मी टेबलावरच्या कागदावर दोन तिकिटांचं आणि एका तिकिटाचं चित्र काढून सगळं समजावलं. त्यांनी चष्मा लावून चित्र नीट बघितलं, पर्समधून नोटा काढून मोजल्या, आणि म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस तूच आम्हाले मुंबईचं करून ठेवलं होतं का रे?"